ताप उतरला, विसरणं उरलं

मागच्या अंकात पावसाळ्यातल्या तापांवर लिहिलं तेव्हा वाटलं होतं, पत्रं डासांबद्दल येतील. आली ती बहुतेक विसरण्याबद्दल. त्यातली सहा इथं घेतली आहेत. नावं गाळली आहेत आणि लांबलेली पत्रं आटोपती केली आहेत. एक आधीच सांगते: माझ्या नावाआधीचं ‘डॉक्टर’ पीएच.डी.चं आहे, नाडी बघणारं नाही. नोकरीची सगळी वर्षं मी उंदरांच्या मेंदूच्या पातळ चकत्या थंडगार खारट द्रावणात जिवंत ठेवून त्यातल्या पेशींमधले विजेचे संदेश मोजत बसले. त्यामुळं गोळीचा डोस मला विचारू नका. विसरणं कुठल्या जातीचं आहे, हे ओळखायला मात्र मदत करू शकते. स्मरणशक्ती ‘वाढवायचं’ टॉनिक विचारणारी तीन पत्रं बाजूला ठेवली आहेत. तसलं टॉनिक नाही.

आमचे मामंजी मिरजेत सतारमेकर आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना मेंदूज्वर झाला. हर्पीसचा विषाणू असं निदान झालं होतं. वाचले, पण आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. नातवाचं बारसं झालेलं आठवत नाही. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी आत येऊन मला विचारतात, ‘हे कोण गं?’ आणि तेच मामंजी तंबोऱ्याची जवारी लावायला, म्हणजे घोडी घासून तारेचा सूर खुलवायला, बसले की हात चुकत नाही. शेजारचे म्हणतात, म्हाताऱ्याला सोयीचं तेवढं बरं आठवतं. ते मुद्दाम करत असतील का? — एक सूनबाई, मिरज

अजिबात नाही. शेजाऱ्यांना हे पान वाचायला द्याच.

मामंजींसारखाच एक माणूस आमच्या सगळ्या शास्त्राचा गुरू झाला. हेन्री मोलेसन हा अमेरिकन तरुण. तो हयात होता तोवर शोधनिबंधांत त्याचं नाव फक्त ‘एच. एम.’ एवढंच छापत. फेफऱ्याच्या झटक्यांनी त्याचं जगणं अशक्य झालं होतं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या सर्जननं त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आतला, खोलवरचा मेंदूचा भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी बसवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की हेन्रीला तो नवा. मॉन्ट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर त्याला वर्षानुवर्षं तपासत राहिल्या आणि त्यांना दर वेळी आपली ओळख नव्यानं करून द्यावी लागली.

मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिलं. आपला हात फक्त आरशात बघायचा आणि कागदावरच्या चांदणीच्या दुहेरी रेघेमधून पेन्सिल फिरवायची. घरी करून बघा, दोन मिनिटांत चिडाल. हेन्री तीन दिवसांत त्यात तरबेज झाला. हे काम आपण आधी केलं आहे, हे त्याला तिसऱ्या दिवशीही ठाऊक नव्हतं. म्हणजे ‘काल काय घडलं’ आणि ‘हे कसं करायचं’ या दोन गोष्टी मेंदू एकाच ठिकाणी ठेवत नाही. घडलेल्या प्रसंगाची वाट हिप्पोकॅम्पसच्या दारातल्या एंटोरायनल कॉर्टेक्समधून आत जाते. तिथं डेंटेट गायरस, मग सीए-३, मग सीए-१ असे हिप्पोकॅम्पसच्या आतल्याच भागांचे टप्पे घेते आणि पुन्हा कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराकडे, वळते. (माझी नोकरी सीए-३ ते सीए-१ या एकाच टप्प्यावर झाली, तरी तो संपला नाही.) हाताची सवय बसते ती मेंदूच्या मध्यावरच्या बेसल गँग्लिया आणि मागच्या छोट्या मेंदूत. घोडीवर कानस किती फिरवली की तार बोलते, हे मामंजींच्या तिथं लिहिलेलं आहे. विषाणू तिकडं गेलाच नाही.

तो गेला कानशिलाकडं. हर्पीस सिम्प्लेक्स हा तापानंतर ओठाच्या कडेला फोड आणणारा विषाणू. तो आपल्यापैकी कितीतरी जणांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत जन्मभर गप्प पडून असतो. फार क्वचित मेंदूत शिरतो, पण शिरला की त्याचा रोख बहुतेक वेळा नेमका याच भागावर असतो. उपचार नसतील तर शंभरातले सत्तरेक दगावतात. असायक्लोव्हिर हे औषध आल्यावर चित्र बदललं. ज्यांच्या संशोधनातून ते निघालं त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. औषध जितक्या लवकर शिरेतून सुरू होईल तितका मेंदू वाचतो. म्हणून इतर वाचकांसाठी सांगते: ताप आहे आणि माणूस असंबद्ध बोलतोय, विचित्र वागतोय किंवा झटका आला, तर ‘ताप डोक्यात गेला असेल, उतरेल’ म्हणत रात्र घालवू नका.

आता तुमच्या घरातलं. ‘सांगा बघू, मी कोण?’ हा आपल्याकडचा लाडका खेळ मामंजींशी कुणालाही खेळू देऊ नका. अंदाजानं चुकीचं उत्तर दिलं की तेच चुकीचं उत्तर त्यांच्या मेंदूत पक्कं होतं, कारण ‘मघाशी चुकलो होतो’ हे आठवायला प्रसंगाची आठवण लागते आणि तीच तर गेली आहे. आल्याबरोबर आपणच सांगायचं, ‘मामा, मी अमका, गेल्या महिन्यात तानपुरा टाकून गेलो होतो.’ दुकानात प्रत्येक वाद्याला गिऱ्हाइकाचं नाव, फोटो आणि काम लिहिलेली चिठ्ठी बांधा. वही नेहमी एकाच जागी, त्यांच्या उजव्या हाताला ठेवा. आणि एक करून बघाच. त्यांना हातानं करायचं एखादं नवीन काम रोज त्याच वेळी, त्याच क्रमानं शिकवा. शिकल्याचं त्यांना आठवणार नाही, पण हात शिकेल.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. २०२१ ला कोविड झाला, घरीच बरा झालो. वास मात्र चार महिने गेला होता. हळदीच्या पोत्यांवर बसून हळदीचा वास येत न्हाई, यापरीस थट्टा ती कोणती! आता वास आला, पण व्यापाऱ्यांची नावं जिभेवर येऊन अडकतात. पूर्वी सौदा झाला की सगळ्या लॉटचे भाव तोंडपाठ असायचे, आता कागद बघावा लागतो. विषाणू मेंदूत जाऊन बसलाय का? आणि रात्री दुधातून हळद दुप्पट घेतली तर काही फरक पडेल का? तिची आपल्याकडं कमी न्हाई. — एक दिवाणजी, सांगली

दिवाणजी, तुमच्या पत्रातला वासाचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. नाकाच्या छतात वास घेणारे मज्जातंतू असतात आणि त्यांना टेकू देणाऱ्या पेशी असतात. कोविडचा विषाणू ज्या दारानं पेशीत शिरतो ते एसीई-२ हे प्रथिन मज्जातंतूंवर नसून त्या टेकूच्या पेशींवर असतं, हे २०२० मध्येच दिसलं. टेकू कोसळला, तंतू मुके झाले. नवे टेकू आले, वास परत आला. म्हणजे वास गेला याचा अर्थ विषाणू तंतूंवरून चालत मेंदूत शिरला असा नाही.

पण मेंदूवर परिणाम व्हायला विषाणूनं मेंदूत शिरायलाच पाहिजे असं नाही, आणि लोकांना नेमकं हेच पटत नाही. ब्रिटनमध्ये यूके बायोबँक नावाचा मोठा प्रकल्प आहे. त्यात हजारो लोकांचे मेंदूचे स्कॅन कोविड येण्याआधीच काढून ठेवले होते. साथ आल्यावर ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांना परत बोलावलं. त्यातल्या ४०१ जणांना मधल्या काळात कोविड होऊन गेला होता, बहुतेकांना सौम्यच. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कोविड झालेल्यांत वासाशी आणि आठवणीशी जोडलेल्या काही भागांत करड्या पेशींचा थर इतरांपेक्षा थोडा जास्त घटला होता. किती? ०.२ ते २ टक्के. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही स्कॅन हातात असल्यामुळं या कामावर माझा विश्वास आहे. पण ही सरासरी आहे, कुणा एकाचं निदान नाही. यावरून स्वतःचा एमआरआय काढायला पळू नका. एवढा फरक एका स्कॅनमध्ये दिसतही नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत उंदरांवर झालेलं काम आम्हा चकत्या कापणाऱ्यांना जास्त बोलकं वाटलं. फक्त फुप्फुसापुरता सौम्य कोविड झालेले उंदीर. मेंदूत विषाणू सापडला नाही. तरी रक्तातून आणि मेंदूभोवतीच्या पाण्यातून दाहाचे निरोप पोहोचत राहिले, मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी चेकाळल्या, हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जन्मायचं प्रमाण घटलं आणि तंतूंवरचं आवरण विरळ झालं. संसर्ग कधीच ओसरला होता, सफाईवाल्या पेशी सात आठवड्यांनीही शांत नव्हत्या.

आता तुमची परीक्षा घेते. नाव अडकलं की कुणी पहिलं अक्षर सांगितलं तर पटकन येतं का? कागद बघितला की ‘हां, हेच भाव होते’ असं वाटतं, की पहिल्यांदाच वाचल्यासारखं? पत्रावरून पहिलाच प्रकार दिसतो. म्हणजे माल आत गेलेला आहे, बाहेर काढायला वेळ लागतोय. हे मिरजेच्या मामंजींपेक्षा अगदी वेगळं, आणि पुष्कळदा सुधारणारं.

विषाणूवर सगळं ढकलण्याआधी रक्तातलं बी-१२, थायरॉइड, साखर आणि रक्तदाब बघून घ्या. शाकाहारी माणसात बी-१२ कमी निघणं ही रोजची गोष्ट आहे आणि नुसत्या तेवढ्यानंही विसरायला होतं. बायकोला विचारा, रात्री घोरता-घोरता श्वास थांबतो का. आणखी एक. हळदीच्या धुरळ्यात बसता, म्हणजे शिंका येतच असणार. त्यासाठी रोज सर्दीची गोळी घेता का? क्लोरफेनिरामिनसारखी जुन्या जातीची, झोप आणणारी गोळी असेल तर ती ॲसिटिलकोलिन या रसायनाची वाट अडवते, आणि हिप्पोकॅम्पसला काम करायला तेच रसायन लागतं. डॉक्टरांना गोळी दाखवून बदलून घ्या, तोंडाला फडकं बांधा.

राहिली हळद. सांगलीत जन्मलेल्या बाईनं हळदीविरुद्ध बोलणं जिवावर येतं, पण हळदीतल्या ज्या द्रव्याचे गुण गातात ते कर्क्युमिन हळकुंडात असतंच जेमतेम तीनेक टक्के. त्यातलं आतड्यातून रक्तात जातं अगदी नगण्य आणि जातं तेही चटकन मोडून निघून जातं. अल्झायमरच्या रुग्णांना शुद्ध कर्क्युमिनच्या मोठ्या मात्रा देऊन चाचण्या झाल्या, आठवणीत सुधारणा दिसली नाही. दूध-हळद आवडते म्हणून प्या. दुप्पट कशाला? ती विका, भाव बरा आहे.

मी पाटण तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. चौथीतला एक मुलगा गेल्या वर्षी मेंदूज्वरानं महिनाभर दवाखान्यात होता. आता चालतो, पळतो, आधी शिकलेलं वाचन उत्तम करतो. पण सोळाचा पाढा आज म्हणून दाखवला तर उद्या कोरा. वडील म्हणतात, ‘गुरुजी, लाडावलाय, दोन द्या.’ मला हात उचलायचा नाही, पण हा आळस की आजार? — एक गुरुजी, पाटण

हात उचलला नाहीत, बरं केलंत.

जुनं वाचन शाबूत आणि नवा पाढा टिकत नाही, ही खूण बघून मला एक प्रयोग आठवतो. वेस्ट नाइल हा डासांतून पसरणारा विषाणू, आपल्या जपानी मेंदूज्वराच्या कुळातला. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबिन क्लाइन यांच्या गटानं त्याचा सौम्य केलेला वाण उंदरांना दिला. उंदीर आजारी पडले, बरे झाले. मग त्यांना एका गोल टेबलावर सोडलं. टेबलाच्या कडेनं भोकं, त्यातल्या एकाखालीच लपायची जागा, वर झगझगीत दिवा. निरोगी उंदीर काही दिवसांत योग्य भोकाकडं सरळ धावतो. हे बरे झालेले उंदीर पळत उत्तम होते, पण ते भोक त्यांच्या लक्षात राहत नव्हतं.

हिप्पोकॅम्पस उघडून पाहिला तर पेशी मेलेल्या नव्हत्या. मोजल्या तर जवळपास तितक्याच. कमी झाल्या होत्या त्या पेशी-पेशींमधल्या जोडण्या, म्हणजे सायनॅप्स, विशेषतः सीए-३ भागात. आणि त्या विषाणूनं खाल्ल्या नव्हत्या. विषाणूशी लढताना शरीर ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनांच्या खुणा करतं. त्या खुणा जोडण्यांवरही पडल्या आणि मायक्रोग्लियांनी खूण दिसेल ती जोडणी गिळली. भांगलणीला लावलेला नवखा गडी तणाबरोबर पिकाचे कोंबही उपटतो, तसं. ज्या उंदरांत ही प्रथिनांची यंत्रणाच आधीपासून बंद ठेवली होती, त्यांच्या जोडण्या टिकल्या. २०१६ साली हे काम ‘नेचर’मध्ये आलं. वेस्ट नाइलनं दगावलेल्या माणसांच्या मेंदूतही जोडण्या कमी झाल्याचं त्यात दाखवलं होतं.

मला यात आशाही दिसते. मेलेली पेशी परत येत नाही, पण जोडणी नव्यानं उगवू शकते. लहान वयात तर जास्तच. म्हणून कामाचं बोलू. सोळाचा पाढा एका दमात नको. आज दोन ओळी, तासाभरानं त्याच दोन, उद्या सकाळी त्याच दोन आणि मग तिसरी. त्याच्याकडून म्हणवून घ्या, पण अडखळला की लगेच सांगा, ताटकळत ठेवू नका. दुपारनंतर नवं काही शिकवू नका, हा मेंदू लवकर दमतो. वर्गात अधूनमधून काही सेकंद टक लावून गप्प होतो का, यावर नजर ठेवा. ते बारीक झटके असू शकतात, मेंदूज्वरानंतर येतात, आणि त्यांवर औषध आहे. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांच्याकरवी त्याला जिल्हा रुग्णालयात बौद्धिक चाचणीसाठी पाठवा. कागद हातात असला की पुढं परीक्षेत जादा वेळ मागता येतो. आणि वडिलांना शाळेत बोलावून त्यांच्या समोरच त्याच्याकडून जुना धडा वाचून घ्या, मग नवा पाढा विचारा. लाडावलेलं पोर दोन्हीत आळस करतं.

वाईला आमच्या लहानपणी घनपाठी, म्हणजे वेद मुखोद्गत असलेले, ब्राह्मण पाहिले आहेत. पाठांतरानं मेंदूचा स्मरणाचा भाग वाढतो, असं सिद्ध झाल्याचं नातवानं मोबाइलवर दाखवलं. खरं का? — एक आजोबा, वाई

आजोबा, नातवानं दाखवलं ते काम खरं आहे, ‘सिद्ध’ हा शब्द जास्तीचा आहे. २०१६ मध्ये दिल्ली परिसरातल्या २१ वैदिक पंडितांचे स्कॅन पाठांतर न केलेल्या २१ जणांशी ताडून पाहिले. पंडितांत बऱ्याच ठिकाणी मेंदूचा थर जाड होता आणि उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही फरक दिसला. पण हा एकदाच काढलेला फोटो. पाठांतरानं मेंदू बदलला, की तसा मेंदू असलेली मुलंच पाठशाळेत टिकली? फोटोवरून सांगता येत नाही.

लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी ही अडचण सोडवली. परवान्यासाठी त्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०११ मध्ये एलिनॉर मग्वायर यांच्या गटानं ७९ उमेदवारांचे अभ्यासाआधी आणि नंतर स्कॅन केले. पास झाले ३९. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला तो फक्त पास झालेल्यांत. म्हणजे सरावानं बदल होतो, हे तिथं नीट दिसलं. मात्र दुसऱ्या एका चाचणीत, चित्र बघून नंतर आठवून काढण्यात, हेच पास झालेले मागे पडले. एकीकडं वाढलं तर दुसरीकडं थोडं द्यावं लागलं. घनपाठ्यांना किराणा आणायला सांगितलं की काय व्हायचं, हे तुम्हीच कळवा.

वय ७१, कराड. नागीण झाली की तोंड-शेपूट जुळायच्या आत मंत्र घालून घ्यावी, असं आई म्हणायची. आता व्हॉट्सअपवर येतंय की नागिणीची लस घेतली तर म्हातारपणी बुद्धी जात नाही. एकाची थाप वाटते, दुसऱ्याचीही वाटते. — एक निवृत्त कारकून

पहिली थापच. लहानपणी कांजिण्या आणणारा विषाणू बरं झाल्यावरही कण्यालगतच्या मज्जागाठींत दडून राहतो. वय झालं, प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्या तंतूवरून खाली येतो आणि त्या तंतूच्या हद्दीतच फोड उठवतो. डावा तंतू उजवीकडं जात नाही. त्यामुळं पट्टा बहुधा अर्ध्या अंगावरच थांबतो, आणि मांत्रिकाला यश मिळतं. गोळ्या मात्र फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. मंत्रात वेळ जातो, हे त्याचं खरं नुकसान.

दुसरी मात्र थाप नाही. मी स्वतः आधी भुवया उंचावल्या होत्या. लस घेणारी माणसं मुळात तब्येतीला जपणारी असतात. त्यांना स्मृतिभ्रंश कमी झाला तर श्रेय लशीचं की स्वभावाचं? वेल्समध्ये सरकारी नियमानंच हे कोडं सोडवलं. १ सप्टेंबर २०१३ ला तिथं लस सुरू झाली तेव्हा ज्यांचा जन्म २ सप्टेंबर १९३३ च्या आधीचा त्यांना ती कधीच मिळणार नव्हती. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळणार होती. म्हणजे आठवड्याच्या अंतरानं जन्मलेली, बाकी सगळ्या बाबतीत सारखी माणसं, एकाला लस आणि एकाला नाही. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल आला. सात वर्षांत लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाची निदानं सुमारे २० टक्क्यांनी कमी. बायकांत फायदा जास्त.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती लस जुन्या प्रकारची, जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती. आपल्याकडं २०२३ पासून मिळते ती वेगळी, दोन डोसांची, आणि महाग. आणि २० टक्के कमी म्हणजे ‘बुद्धी जात नाही’ असं नाही. नागिणीच्या नंतरची आग ज्यांनी सोसली आहे त्यांना विचारा, ती टाळायला म्हणूनही लस घेण्याजोगी आहे. परवडत असेल तर डॉक्टरांशी बोला. मात्र यावरून विषाणूविरोधी गोळ्या रोज खायला लागू नका. मिरजेच्या पत्रातल्या त्या हर्पीसचा संसर्ग होऊन गेलेल्या, अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांना व्हॅलासायक्लोव्हिर देऊन झालेल्या चाचणीत काही फायदा झाला नाही.

मॅडम, मी साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. आठवणीचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ मेंदूत रेबीजचा विषाणू सोडतात असं वाचलं. हे खरं आहे का? आणि या विषयात यायचं तर काय करायचं? — एक विद्यार्थिनी, सातारा

खरं आहे गं, आणि तुझं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

१९०३ मध्ये इटलीत आडेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या प्राण्यांच्या मेंदूपेशींत बारीक गोलसर ठिपके दिसले. सगळ्यात जास्त कुठं? हिप्पोकॅम्पसमध्ये. पुढं कितीतरी वर्षं कुत्रं पिसाळलेलं होतं का हे ठरवायला तोच भाग कापून बघत. रेबीजची खोड अशी, की तो चावलेल्या जागेच्या मज्जातंतूच्या टोकातून शिरतो, उलट्या दिशेनं पेशीच्या गाभ्यापर्यंत चढतो आणि तिथून सायनॅप्स ओलांडून, तिला निरोप देणाऱ्या मागच्या पेशीत जातो. शेजारी नुसतीच चिकटून असलेली पेशी सोडतो. जोडलेली तेवढीच धरतो. कुठली पेशी कुणाकडून निरोप घेते, हा आमचा जन्माचा प्रश्न. त्याचं उत्तर या विषाणूला उपजतच येतं.

फक्त त्याला लगाम हवा होता. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये इयान विकरशॅम आणि एडवर्ड कॅलवे यांनी तो घातला. दुसऱ्या पेशीत उडी मारायला लागणाऱ्या प्रथिनाचा जीन विषाणूतून काढला आणि ते प्रथिन फक्त निवडलेल्या पेशींना वेगळं पुरवलं. मग त्याला पक्ष्यांच्या एका विषाणूचं आवरण चढवलं. त्या आवरणाला लागणारं दार सस्तन प्राण्यांत नसतंच. ते दारही निवडलेल्या पेशींवरच बसवलं. झालं काय, तर विषाणू नेमक्या पेशीत शिरतो, एक उडी मागं मारतो आणि तिथं अडकतो, कारण तिथं ते प्रथिन नाही. सोबत जेलीफिशचं चमकणारं प्रथिन असतं, त्यामुळं ज्या पेशीत पोहोचला ती सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी दिसते. हे सगळं प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत होतं, माणसांत नाही.

दुसरा एक निरुपद्रवी विषाणू, एएव्ही, आमच्याकडं सामान पोहोचवायला वापरतात. २०१२ मध्ये एमआयटीत सुसुमु टोनेगावा यांच्या गटानं त्याच्याकरवी उंदराच्या डेंटेट गायरसमध्ये शेवाळातलं प्रकाशाला जागणारं प्रथिन पोहोचवलं. तेही फक्त त्या पेशींत, ज्या एका पेटीत झटका बसताना जाग्या होत्या. नंतर उंदीर वेगळ्याच, निर्धोक पेटीत असताना त्या पेशींवर निळा प्रकाश टाकला. उंदीर भीतीनं जागच्या जागी थिजला. आठवण कुठं राहते, या प्रश्नाला पहिल्यांदा एक बटण मिळालं.

आणि तुझ्या वर्गात सांग. आपल्या मेंदूत आठवण दीर्घकाळ टिकवायला आर्क नावाचा जीन लागतो. २०१८ मध्ये दोन प्रयोगशाळांनी दाखवलं, की त्याचं प्रथिन विषाणूसारखी पोकळ कवचं बांधतं आणि त्यात आरएनए भरून एका पेशीतून दुसरीत पाठवतं. हा जीन आला आहे तोही रेट्रोव्हायरसच्या नात्यातल्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकांत घुसलेल्या एका तुकड्यापासून.

रेबीजचा विषय निघालाच आहे तर: कुत्रं चावलं, मांजरानं बोचकारलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. मिरचीपूड, चुना, हळद काही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस, आणि जखम रक्ताळलेली असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही. लक्षणं दिसू लागल्यावर काहीच हातात राहत नाही.

आता तुझं. पुण्याचं आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची सरकारी संस्था, तुला सगळ्यात जवळचं, त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, आयएटी. तिथं पाच वर्षांचा बीएस-एमएस होतो. मेंदूवर काम पुढं बंगळूरला एनसीबीएस, आयआयएससी आणि निम्हान्स या संशोधन संस्थांमध्ये, तसंच हरियाणात मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात होतं. जीवशास्त्र आवडतं म्हणून गणित सोडलं असशील तर परत धर. आमच्या इलेक्ट्रोडमधून बाहेर येतात ते आकडेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला आलीस तर चकती कापायचं जुनं ब्लेड दाखवीन, माझ्याकडं एक अजून आहे.